दोन वजाबाक्या, एक भागाकार: दोन बिंदूंवरून रेषेचा चढ

चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं गोव्यातलं मूल पाचवीत गेलं की बहुतेक शाळांत गणित इंग्रजीतून सुरू होतं. मग घरी अभ्यास घेणारी आई ‘चढ’ म्हणते, मूल ‘स्लोप’ म्हणतं आणि शिकवणीतले सर ‘राइज अपॉन रन’ म्हणतात. गोष्ट एकच. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूमितीत ती ‘रेषेचा चढ’ या नावाने भेटते, एनसीईआरटीच्या पुस्तकांत अकरावीला, सरळ रेषांच्या प्रकरणात. शब्द कुठलाही असो, प्रश्न एवढाच असतो: आडवं एक पाऊल सरकलं, तर उभं किती वर चढलो किंवा खाली उतरलो?

दोन बिंदू घेऊ: (२, ३) आणि (८, ७). कंसातला पहिला आकडा आडवा, त्याला क्ष म्हणू. दुसरा उभा, तो य. पुस्तकात त्या जागी एक्स आणि वाय असतात, त्याने काही बदलत नाही. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे जाताना उभं अंतर ७ − ३ = ४ आणि आडवं अंतर ८ − २ = ६. उभ्याला आडव्याने भागायचं: ४/६, म्हणजे २/३. हाच चढ. तीन घरं उजवीकडे गेलं की रेषा दोन घरं वर जाते.

सूत्र म्हणून लिहायचं तर

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

या सूत्रातले छोटे १ आणि २ पाहून पुष्कळ मुलं बिचकतात. ते घात नाहीत, गुणायचे आकडेही नाहीत. ‘पहिल्या बिंदूचा य’, ‘दुसऱ्या बिंदूचा य’ असं सांगणाऱ्या त्या नुसत्या पाट्या आहेत. कुठला बिंदू पहिला म्हणायचा हे तुमच्या मर्जीवर. वरच्याच उदाहरणात उलट क्रम लावला तर ३ − ७ = −४ आणि २ − ८ = −६. भागाकार पुन्हा २/३. दोन्ही वजा चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात.

दोनच बिंदू का पुरतात? कारण रेषा सरळ आहे. तिच्यावर (५, ५) हा मधला बिंदूही बसतो. (२, ३) ते (५, ५) चा चढ २/३ आणि (५, ५) ते (८, ७) चाही २/३. प्रत्येक जोडीचं आडवं आणि उभं अंतर रेषेखाली काढलं की जे काटकोन त्रिकोण होतात ते लहानमोठे असतात, पण समरूप असतात. म्हणून उभ्या-आडव्या बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही. तीन बिंदू एका रेषेत आहेत का, हे तपासण्याची रीतही इथूनच निघते. (१, १), (४, ३), (१०, ७) घ्या: पहिल्या जोडीचा चढ २/३, दुसरीचा ४/६, म्हणजे तोच, आणि (४, ३) हा बिंदू दोन्हीकडे आहे. तिघे एका रेषेत. शेवटचा बिंदू (१०, ८) असता तर दुसरा चढ ५/६ आला असता आणि रेषा (४, ३) पाशी मोडली असती. इथे अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावेत. ०.६६ आणि ०.६७ लिहून ‘चढ वेगळे, म्हणून एका रेषेत नाहीत’ असं उत्तर देणारे कमी नाहीत.

चुका होतात त्या वजाबाकीत

सूत्र कुणी विसरत नाही. गडबड होते ती ऋण संख्या आल्यावर. (−३, ५) आणि (४, −९) घेऊन पाहा. उभं अंतर: −९ − ५ = −१४. आडवं: ४ − (−३) = ४ + ३ = ७. चढ = −१४/७ = −२.

घाईत आडवं अंतर ४ − ३ = १ लिहिलं जातं आणि चढ येतो −१४. वजाबाकीचं एक चिन्ह सूत्राचं आणि एक संख्येचं, ही दोन वेगळी आहेत हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. उपाय साधा आहे: ऋण संख्या आली की आधी तिच्याभोवती कंस लिहायचा, मगच वजाबाकीला हात घालायचा. एक ओळ वाढते, पण मार्क वाचतात.

दुसरी चूक जास्त फसवी. वर दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि खाली पहिल्यातून दुसरा: −१४ भागिले (−३ − ४), म्हणजे −१४/−७ = २. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. हिशेबात कुठेच खटकत नाही, त्यामुळे उत्तर पुन्हा वाचूनही चूक सापडत नाही. ती सापडते कच्च्या आकृतीत. (−३, ५) डावीकडे वर आहे, (४, −९) उजवीकडे खाली. रेषा डावीकडून उजवीकडे वाचायची, अक्षरं वाचतो तशी. वाचताना खाली येत असेल तर चढ ऋणच असायला हवा. धन आला तर क्रम कुठेतरी उलटला आहे.

तिसरी चूक म्हणजे अपूर्णांकच उलटा: आडव्याला उभ्याने भागून −१/२. ‘चढ’ या शब्दातच उत्तर आहे. चढणं वरच्या दिशेचं, म्हणून उभं अंतर वर.

उत्तराचा ताळा करायला अर्धं मिनिट पुरतं. चढ −२ आला ना? मग (−३, ५) पासून एक घर उजवीकडे, दोन खाली: (−२, ३). पुन्हा: (−१, १), (०, −१), (१, −३), (२, −५), (३, −७), (४, −९). दुसऱ्या बिंदूवर बरोबर पोचलो. चढ −१४ असता तर पहिल्याच पावलाला (−२, −९) वर आदळलो असतो.

दोन टोकाच्या रेषा उरतात. दोन्ही बिंदूंचा य सारखा असेल तर वरची वजाबाकी शून्य, चढ शून्य, रेषा आडवी. सायंकाळच्या संथ मांडवी नदीसारखी. दोन्हींचा क्ष सारखा असेल तर खालची वजाबाकी शून्य होते, आणि शून्याने भागता येत नाही. अशा उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही. तो ‘शून्य’ नाही, ‘खूप मोठा’ही नाही. परीक्षेत या जागी ० लिहिणं ही वर्षानुवर्षं टिकून राहिलेली चूक आहे. ओळंब्याची, म्हणजे गवंड्याच्या वजन बांधून लोंबत सोडलेल्या दोरीची, आठवण ठेवली तर विसर पडत नाही: तिच्यावरून खाली-वर कितीही गेलात तरी आडवं पाऊल पडतच नाही, मग दर पावलाला किती चढलो हे विचारणार कसं?

छपरावर हाच हिशेब

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कौलारू घराच्या छपराचा चढ तिथे शोभेसाठी नसतो. मंगळुरी कौलं एकमेकांवर चढवून बसवतात. उतार कमी पडला तर पाणी सांध्यापाशी रेंगाळतं आणि वाऱ्याबरोबर उलटं वर सरकून आत गळतं.

आता एक पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, मोजू. भिंतीचा माथा जमिनीपासून ३.० मीटरवर, आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, ४.८ मीटरवर, आणि भिंतीपासून आढ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर ३.० मीटर. म्हणजे बिंदू झाले (०, ३.०) आणि (३.०, ४.८). चढ = १.८/३.० = ०.६. कोनात सांगायचं तर ३१ अंशांच्या जवळ. समोरच्या पाख्याचा चढ −०.६: तेच तिरपेपण, दिशा उलटी. दोन पाख्यांच्या चढांचा गुणाकार −१ आला असता तर ती आढ्यापाशी काटकोनात भेटली असती. इथे तो −०.३६ आहे, म्हणून तिथला आतला कोन काटकोनाहून मोठा, साधारण ११८ अंशांचा.

मोजणारा माणूस इथे हमखास एक चूक करतो. आडवं अंतर मोजायला घरात शिरावं लागतं, सामान हलवावं लागतं. आढ्यापासून भिंतीपर्यंत तिरका उतरणारा वासा मात्र समोर दिसतो. मग टेप वाशावरूनच लावली जाते. वाशाची लांबी साडेतीन मीटर भरते, आणि १.८/३.५ करून चढ ०.५१ लिहिला जातो. तो चढ नव्हे. भागायचं असतं आडव्या अंतराने, तिरक्याने नाही. या चुकीच्या ०.५१ वरून कोन काढला तर २७ अंश येतो, खरा ३१. छपराला चार अंश कमी म्हणजे थट्टा नाही. उतार जितका सौम्य, तितकी ही चूक लहान. घराच्या पायऱ्यांशेजारी बांधायच्या साध्या रॅम्पवर तिरकं आणि आडवं अंतर जवळजवळ सारखंच भरतं, म्हणून तिथे वाईट सवय खपून जाते.

रॅम्पचं माप मात्र वेगळ्या कारणाने चुकतं: दोन टोकांच्या उंचीतला फरक डोळ्यांनी ठरत नाही. गवंडी त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरतात. नळी वाकडीतिकडी कशीही पडलेली असली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. एक जण खालच्या टोकाला, एक वरच्या. दोघांनी नळी उभी धरायची, पाणी हलायचं थांबलं की जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. समजा खालच्या जागी १.१० मीटर भरली आणि वरच्या जागी ०.६५. फरक ०.४५ मीटर. दोन जागांमधलं आडवं अंतर ५.४ मीटर. चढ = ०.४५/५.४ = १/१२. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा चढ याहून जास्त नसावा, असं प्रमाण आपल्याकडे धरतात.

या मापात एक गंमत आहे. जिथे आकडा मोठा, ती जागा खाली. पाण्याची पातळी तीच, मग जमीन जितकी खाली तितकं अंतर जास्त. आकडे जसेच्या तसे य म्हणून सूत्रात घातले तर चढणाऱ्या रॅम्पचा चढ ऋण येईल. गणित बरोबर, बिंदू चुकीचे. शिवाय नळीत बुडबुडा अडकला असेल किंवा एखाद्या टोकावर अंगठा तसाच राहिला असेल, तर पाणी खोटं बोलतं. मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का, ते पाहून घ्यावं. आडव्या अंतराचा टेपही जमिनीला टेकवू नये. एका टोकाला ओळंबा सोडून तो सपाट ताणावा.

एकास सदतीस, आठ टक्के, पंचेचाळीस अंश

चढ सांगायच्या पद्धती निराळ्या असल्या तरी माल एकच. रेल्वेवाले ‘एकास इतके’ म्हणतात. कुळेंहून दूधसागरावरून कॅसलरॉकला चढणाऱ्या घाटात चढ एकास ३७ आहे: ३७ मीटर आडवं गेलं की एक मीटर वर. दशांशात ०.०२७, टक्क्यांत २.७, कोनात दीड अंशाहून किंचित जास्त. ऐकायला किरकोळ, पण लोखंडी चाकं लोखंडी रुळांवर सहज घसरतात, म्हणून या घाटात गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. कोकण रेल्वेवर जास्तीत जास्त चढ एकास १५० ठेवला, म्हणजे घाटाच्या जेमतेम चौथा हिस्सा. दहा किलोमीटरमध्ये पहिल्या हिशेबाने २७० मीटर चढता येतं, दुसऱ्याने ६७. डोंगराळ कोकणात इतका सौम्य चढ राखायचा तर बोगदे आणि उंच पूल यांना पर्याय उरत नाही.

टक्के काढायला चढाला १०० ने गुणायचं. एकास १२ म्हणजे ८.३ टक्के. इथे एक गैरसमज चांगल्या शिकलेल्यांचाही असतो: १०० टक्के चढ म्हणजे सरळ उभी भिंत. तसं नाही. १०० टक्के म्हणजे चढ १, जितकं आडवं तितकंच उभं, आणि कोन ४५ अंश. २०० टक्के चढही असू शकतो. तो ६३ अंशांच्या थोडा वर. कोन दुप्पट केला म्हणून चढ दुप्पट होत नाही. ज्यांचं त्रिकोणमितीचं प्रकरण झालं आहे त्यांच्यासाठी: रेषा आडव्या अक्षाच्या धन दिशेशी करते त्या कोनाचा टॅन, तोच चढ.

आलेख वाचताना

विज्ञानाच्या प्रॅक्टिकलमध्ये बिंदू कुणी आयते देत नाही, आलेखावरून उचलावे लागतात. तेव्हा दोन गोष्टी पाळाव्यात. बिंदू काढलेल्या रेषेवरचे घ्यावेत, वाचनाच्या तक्त्यातले नव्हेत; तक्त्यातले बिंदू रेषेच्या आजूबाजूला विखुरलेले असतात. आणि ते एकमेकांपासून शक्य तितके दूर, बारीक रेघा जिथे छेदतात तिथले असावेत. य वाचताना प्रत्येक बिंदूत ०.१ ची चूक धरली, तर दोघांच्या फरकात ०.२ पर्यंत चूक येते. आडवं अंतर १ असेल तर चढात ०.२ ची चूक; आडवं अंतर १० असेल तर फक्त ०.०२. चूक तेवढीच, पण ती जास्त अंतरावर वाटली गेली.

कंपासपेटीतली पट्टी आलेखावर ठेवून सेंटिमीटर मोजायचा मोह टाळावा. आडव्या अक्षावर एक सेंटिमीटरला एक किलोमीटर आणि उभ्यावर एक सेंटिमीटरला शंभर मीटर असं प्रमाण असेल, तर कागदावर ४५ अंशांत दिसणारा रस्ता प्रत्यक्षात १०० मीटर भागिले १००० मीटर, म्हणजे ०.१ चढाचा असतो. सहा अंशांहूनही कमी. चित्र काहीही सांगो, चढ अक्षांवरच्या आकड्यांतूनच काढायचा.

दोन्ही अक्षांवर एककं वेगळी असली की चढाला स्वतःचं एकक येतं आणि तो ‘दर’ होतो. समजा मोटरसायकल पायलटने, म्हणजे गोव्यात मोटरसायकलवरून भाड्याने माणसं नेणाऱ्याने, ४ किलोमीटरचे ९० रुपये घेतले आणि १० किलोमीटरचे १८०, आणि भाडं सरळ रेषेत वाढतं. बिंदू (४, ९०) आणि (१०, १८०); चढ = ९०/६ = १५, किलोमीटरला १५ रुपये. चार किलोमीटरचे या दराने ६० व्हायला हवेत, घेतले ९०. वरचे ३० म्हणजे गाडीवर बसल्याबसल्याचे. तेवढ्यावरून अख्ख्या रेषेचं समीकरण हाती आलं: य = १५क्ष + ३०. सात किलोमीटरचं भाडं? १०५ + ३० = १३५. नुसतं १८० भागिले १० करून ‘किलोमीटरला १८’ म्हणणारा इथे फसतो. त्याने एकाच बिंदूवरून चढ काढला, म्हणजे दुसरा बिंदू (०, ०) आहे असं गृहीत धरलं. रेषा तिथून जातच नाही.

रेषा सरळ नसेल तर

सूत्र कुठल्याही दोन बिंदूंना लावता येतं, मधली वाट वाकडी असली तरी. मग उत्तर येतं ते सरासरी चढाचं, आणि सरासरी बरंच काही झाकून ठेवते. भरती-सुकतीचं (सुकती म्हणजे ओहोटी) पाहा. समजा सुकती संपली तेव्हा पाणी ०.६ मीटरवर होतं आणि सहा तासांनी पूर्ण भरतीला १.८ मीटरवर आलं. दोन बिंदूंवरून चढ १.२/६ = ०.२, तासाला वीस सेंटिमीटर. पण पाणी असं एका गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा बाराव्या हिश्शांचा असतो: पहिल्या तासात एकूण चढाचा १ हिस्सा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. आपल्या १.२ मीटरचा एक हिस्सा १० सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या तासाचा चढ ०.१, तिसऱ्याचा ०.३. सरासरीपेक्षा निम्मा आणि दीडपट. एखादी भरती कमी-जास्त वेळ घेते, ठोकताळा तेवढ्यापुरता हलतो. वळणाचा आकार तोच.

फेरीबोट जिथे लागते तो धक्का उतरता का असतो, याचं कारणही याच हिशेबात आहे. मांडवीच्या काठी रायबंदरच्या किंवा चोडणच्या बाजूला उभं राहिलं तर दिसतं, पाणी कुठेही असलं तरी बोटीची फळी उतारावर कुठेतरी टेकतेच. उतार एकास दहा धरला आणि पाणी १.२ मीटर चढलं, तर पाण्याची कड बारा मीटर वर सरकते. तिसऱ्या तासात, पाणी सर्वांत वेगात असताना, साठ मिनिटांत तीन मीटर. पहिल्या तासात एकच.